किल्ला संरक्षित आहे, तर शेजारच्या आपल्या प्लॉटवर घर बांधता येतं का?

भाऊ, आधी एवढं बघा की किल्ला केंद्राचा संरक्षित आहे का राज्याचा, कारण कायदे वेगळे आहेत, केंद्राचा 1958 चा आणि महाराष्ट्राचा 1960 चा.

केंद्राचा असेल (आपल्या जुन्या खानदेशातला असीरगड तसाच आहे, अकबरानं 1601 ला घेतला तो) तर 100 मीटरच्या आत नवीन बांधकाम बंदच, 2010 ला कायदा आणखी कडक झालाय. त्याच्यापुढे अजून 200 मीटर परवानगी घेऊन बांधता येतं. आणि हे अंतर तटाच्या भिंतीपासून नाही तर संरक्षित हद्दीपासून धरतात, लोक नेमके इथंच फसतात, बुरुजापासून टेप लावतात, पाया खोदतात अन मग नोटीस येते. 100 मीटरच्या आत आधीचं घर असेल तर दुरुस्ती होते, पण तीही अर्ज करून. ग्रामपंचायतीचा कागद एकटा चालत नाही, सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागतेच.

सातबाऱ्यावर तुमचं नाव असलं तरी हे सगळं लागू आहे, मालकी जात नाही फक्त बांधायला अट येते.

अन एक कळकळीनं सांगतो, ढासळलेल्या तटाचे घडीव दगड गोठ्याच्या पायात घालू नका, चुन्याच्या खुणा दगडावर तशाच दिसतात. केंद्राच्या कायद्यात नासधूस केली तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि तो दगड परत त्या जागी बसत नाही हो.