मे महिन्यात लहान मुलं आणि गुडघेदुखीची आई सोबत असताना कोल्हापूरहून एका दिवसात कुठे जाऊन यावं?

मेच्या पहिल्या पंधरवड्यात आठवडाभर तुम्ही बहिणीकडे कोल्हापुरात येताय, सोबत 6 आणि 11 वर्षांची मुलं आहेत, आईंचे गुडघे दुखतात. अंबाबाई, रंकाळा, जोतिबा आणि पन्हाळा एकाच दिवसात उरकून बाकीचे दिवस लांब कुठे जाता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

कृपा करून उरकू नका. मी कोल्हापूरचाच. दर मे महिन्यात आमच्या घरी भाचरं जमतात आणि त्यांना फिरवायचं काम माझ्याकडे असतं. चार ठिकाणं एका दिवसात कोंबली की तिसऱ्या ठिकाणी मुलं रडायला लागतात आणि मोठी माणसं गाडीतून उतरतच नाहीत, हे मी अनेक पाहुण्यांच्या बाबतीत बघितलंय. एका दिवसाला एकच दिशा धरा आणि दिवस घड्याळापेक्षा उन्हाकडे बघून आखा. सकाळी सहाला घर सोडायचं, अकरापर्यंत उघड्यावरचं सगळं बघून घ्यायचं, दुपार दगडी सावलीत नाहीतर घरी काढायची. आमच्याकडे मेमध्ये वळवाचाही भरवसा नसतो. दुपारपर्यंत रणरणतं ऊन असतं, तीन-चारला आभाळ काळंकुट्ट होतं आणि धुळीच्या वाऱ्यामागून विजा, कधी गारा. म्हणून गडावर किंवा मोकळ्या माळावर जायचं असेल तर सकाळच धरा.

आता पहिला दिवस. तो मी डोळे झाकून शिरोळ तालुक्याला देईन: नृसिंहवाडी आणि खिद्रापूर. पाहुणे सहसा वाडीला दर्शन घेऊन, बासुंदी खाऊन परत फिरतात आणि खिद्रापूर राहून जातं, याची मला खरंच हळहळ वाटते.

वाडी कोल्हापूरपासून साधारण पंचेचाळीस किलोमीटर. सहाला निघालात तर साडेसातच्या आत कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पोचता. दत्ताचं देऊळ नदीच्या काठालाच, औदुंबराखाली आहे. मुलांना घाटाच्या अगदी खालच्या पायरीजवळ न्या आणि सांगा, की पावसाळ्यात पाणी या सगळ्या पायऱ्या चढून देवळात शिरतं. पादुकांवरून वाहत ते दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून येतात. कोरड्या पायरीवर उभं राहून हे ऐकताना अकरा वर्षांचं पोर मान वर करून कळसापर्यंत बघतं. 2019 च्या महापुराच्या गोष्टी तिथले दुकानदार स्वतःहून सांगतात, त्या ऐकू द्या.

वाडीला नावेतून फेरी मिळते, ती जरूर घ्या, पण घाटावर मुलांना पाण्यात सोडू नका. उन्हाळ्यात नदी आटलेली असेल असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. आमच्याकडे नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की दगडी खांबांच्या खाचांमध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवतात आणि पाणी अडवतात, पावसाळ्याआधी ते काढून घेतात. त्यामुळे मेमध्येही बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला काठाशीच चांगलं खोल पाणी असू शकतं. मुलांना एखादा बंधारा रस्त्यात दिसला तर गाडी थांबवून ते बरगे दाखवा, शाळेच्या पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

आईंसाठी एक गोष्ट आजच पिशवीत टाका, जाड सुती मोजे. देवळात चप्पल बाहेर काढावी लागते आणि दहानंतर दगडी फरशी अशी तापते की मोठी माणसंही टाचांवर पळतात. घाट उतरायचा त्यांचा विचार नसेल तर वरच सावलीत निवांत बसता येतं. निघताना कवठाची बर्फी घ्या. बासुंदी आणि पेढे सगळेच घेतात, पण कवठाची आंबटगोड बर्फी ही खास इथली चव आहे. बासुंदी मात्र तिथेच खाऊन संपवा, गाडीच्या उन्हात ती टिकत नाही.

तिथून कुरुंदवाडमार्गे खिद्रापूर. रस्ता उसातून जातो, खिद्रापूरच्या पुढे लगेच कर्नाटक. कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. यादव राजा सिंघणाचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेखही तिथे आहे. गावाची कथा अशी, की दक्षाच्या यज्ञात सतीनं देह टाकल्यावर शंकर कोपला आणि त्याला शांत करायला विष्णू आला. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, कोपेश्वर आणि धोपेश्वर. शंकराच्या देवळात नंदीच नाही, हे सहा वर्षांच्या पोराच्याही लक्षात येतं. तो सतीबरोबर गेला, पलीकडे कर्नाटकातल्या यडूरला आहे, असं गावकरी सांगतात.

देवळाच्या पुढ्यात स्वर्गमंडप आहे. गोलाकार मंडप, भोवती कोरीव खांब, आणि छताच्या मधोमध आभाळाकडे उघडं असं मोठं गोल. बरोबर त्याच्या खाली जमिनीवर अखंड दगडाची गोल शिळा. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र या गोलातून बघायला गर्दी लोटते. पण तुम्ही मेच्या पहिल्या पंधरवड्यात येताय, त्या दिवसांत हा मंडप दुपारी बघायला हवा.

त्याचं कारण सूर्य. दरवर्षी 6-7 मेच्या आसपास आमच्या भागात शून्य सावली दिवस येतो. दुपारी साडेबाराला दोन-चार मिनिटं कमी असताना सूर्य नेमका डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्यातच नाहीशी होते. त्या वेळी स्वर्गमंडपात छताच्या गोलातून उन्हाचा झोत सरळ उभा खाली येतो. अकराच्या सुमाराला तो गोल पश्चिमेकडे, खांबांच्या बाजूला कललेला असतो. मुलांना त्याच्या कडेला पाण्याची बाटली ठेवायला सांगा आणि बसून राहा. कड सरकते ती डोळ्यांना दिसते. बाटली आधी अर्धी उन्हात, मग सावलीत, आणि उन्हाचा गोल हळूहळू शिळेवर चढत मध्यावर येऊन बसतो. आकाशात ढग नको, एवढीच अट. दोन-चार दिवस मागेपुढे झाले तरी फारसा फरक पडत नाही. मंडपाच्या कडेला छप्पर आहे, त्यामुळे आई खांबाजवळच्या सावलीत बसून हे सगळं बघू शकतात. अकरानंतर उन्हात थांबू नका असं मी वर म्हटलं, त्याला अपवाद करावा असं हे एकच ठिकाण आहे.

बाहेर पडायच्या आधी देवळाला एक फेरी मारा. पायाशी ओळीनं हत्ती कोरलेत, सगळं देऊळ त्यांच्या पाठीवर तोललेलं. धाकट्याला हत्ती मोजायला लावा, पण आधी त्याच्या पायात मोजे घाला. गावात जुनं जैन मंदिरही आहे, कोरीव काम आवडत असेल तर चुकवू नका. खिद्रापुरात चांगलं जेवण मिळेलच असं धरून चालू नका. डबा घरून न्या, किंवा परतताना कुरुंदवाडला थांबा.

पन्हाळा दुसऱ्या दिवशी, सकाळीच. कोल्हापूरपासून वीस किलोमीटर आहे आणि गाडी थेट गडावर जाते, म्हणून गुडघ्यांच्या दृष्टीनं हा महाराष्ट्रातल्या सोप्या गडांपैकी एक. 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात पन्हाळा आहे. वर गेल्यावर पहिल्यांदा अंधारबाव गाठा, तीन दरवाजाजवळ. बाहेरून साधी दगडी इमारत वाटते. आत पायऱ्या उतरत गेलात की खालच्या मजल्यावर विहीर आहे. वेढा पडला तर शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून विहीरच इमारतीच्या पोटात लपवलेली, आणि पहारेकऱ्यांसाठी कोनाडे आणि खिडक्या. मेमध्ये आत पाऊल टाकलं की माठाला हात लावल्यासारखं गार वाटतं. आई वरच्या मजल्यावर थांबल्या तरी त्यांना गारवा मिळेल. पायऱ्या उंच आणि अंधाऱ्या आहेत, धाकट्याचा हात सोडू नका.

मग अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्याची कोठारं, त्यातल्या एकट्या गंगेत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. छताला धान्य ओतायची भोकं आहेत, ती मुलांना शोधायला लावा. इतका साठा कशासाठी, हा प्रश्न मुलं विचारतातच, आणि तिथेच सिद्दी जौहरच्या वेढ्याची गोष्ट सुरू करायची. 1660 चा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा महाराज या गडावर कोंडले गेले होते. जुलैच्या मुसळधार पावसात रात्री ते निसटले. शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसला आणि शत्रूच्या हाती सापडला, बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली. दोघांचेही पुतळे गडावर आहेत. ही गोष्ट गाइडकडून घाईत ऐकण्यापेक्षा तुम्ही स्वतः सांगा, आदल्या रात्री वाचून ठेवा. थोरल्याला ती जन्मभर लक्षात राहील.

गडावर बायका चुलीवरची भाकरी, झुणका, खर्डा आणि दही देतात. मुलांसाठी दही जास्त मागून घ्या, आमचा खर्डा खरोखर तिखट असतो. पानाच्या द्रोणात करवंदं, जांभळं मिळाली तर घ्या. बारापर्यंत गड उतरा. उतरायला उशीर झाला आणि आभाळ भरून आलं, तर बुरुजांवर थांबू नका, विजेचं भय असतं.

जोतिबा पन्हाळ्याच्या वाटेवरच आहे, तरी मी त्याच दिवशी सुचवणार नाही. खाली देवळापर्यंत पायऱ्या आहेत, आईंना दोन्ही मिळून जास्त होईल. रविवार हा जोतिबाचा वार, त्या दिवशी गर्दी आणि गुलाल दोन्ही भरपूर, म्हणून मधल्या वारी सकाळी जा. फिकट कपडे घालू नका.

शहरासाठी पूर्ण एक दिवस ठेवा. पहाटे अंबाबाई, मंगळवार-शुक्रवार सोडून. नंतर टाउन हॉलचं वस्तुसंग्रहालय. बाहेरच्या बागेतली जुनी झाडं भर उन्हातही सावली धरतात आणि आत एक छोटीशी ब्राँझची रोमन मूर्ती आहे, ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. ती कुणी हल्ली विकत आणलेली नाही, पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडली. समुद्रापासून इतक्या आत, घाटावरच्या आपल्या गावात ही रोमन मूर्ती कशी आली, हा प्रश्न मुलांपुढे टाका आणि उत्तर त्यांना शोधू द्या. सोमवारी संग्रहालय बंद असतं. संध्याकाळी रंकाळा, भेळ, आणि नंतर गंगावेशीतला दूध कट्टा. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, समोरच धार काढतात आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. शहरातल्या मुलांनी धार काढताना बहुधा कधी बघितलेलं नसतं. ती ग्लासापेक्षा म्हशीकडेच बघत राहतात. कच्चं दूध धाकट्याला सोसेल की नाही ते तुम्ही ठरवा. शंका असेल तर नुसतं बघू द्या, किंवा दूध घरी नेऊन तापवून द्या.

कणेरी मठावरचं गावजीवनाचं संग्रहालय मुलांना फार आवडतं. बारा बलुतेदार, शेतातली कामं, सगळं माणसाच्या आकाराच्या पुतळ्यांमधून उभं केलंय. पण चालणं बरंच आणि बहुतेक उघड्यावर, त्यामुळे सकाळी उघडल्या उघडल्या जा. राधानगरी-दाजीपूर मी या खेपेला टाळेन, जंगलातले रस्ते आईंच्या गुडघ्यांना आणि पाठीला सोसणार नाहीत. गुऱ्हाळ बघायचं म्हणालात, तर मेमध्ये बहुतेक गुऱ्हाळं बंद झालेली असतात. गरम गूळ आणि काकवी खायची असेल तर दिवाळीनंतर या, थंडीत.

गाडी नसेल तरी अडत नाही. मध्यवर्ती बसस्थानकातून वाडी आणि पन्हाळ्याला एसटी मिळते. 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट, तेव्हा आईंचं आधार कार्ड पर्समध्ये असू द्या. खिद्रापूरसाठी मात्र त्या एका दिवसापुरती गाडी ठरवाच. वाडीहून तिथे जायला एसटीची वाट बघत बसलात, तर साडेबाराचं ऊन हुकेल.