वडिलांना टीएमटी सांगितली आहे, नेमकं काय करतात?

तुमचे वडील 58 वर्षांचे आहेत, जिना चढताना छातीत भरून येतं आणि सोलापुरातच टीएमटी (ट्रेडमिल टेस्ट, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवत ईसीजी काढायची तपासणी) करायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. ते धरून सांगतो.

तपासणीच्या दोन-तीन तास आधी हलकं खाऊ द्या, अर्धी भाकरी-भाजी पुरे. मधुमेह असेल तर अगदी उपाशी नेऊ नका. त्या दिवशीची गोळी किंवा इन्सुलिन किती घ्यायचं ते आधीच विचारा. चहा, तंबाखू, मावा त्या दिवशी बंद. बीपीच्या गोळीच्या नावात शेवटी 'ओलॉल' असेल (मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल), तर ती नाडी वाढू देत नाही. ती थांबवायची की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, मनाने बंद करू नका. पायात चप्पल नको, बूट हवेत.

आत छातीवरचे केस काढतात, स्पिरिटने कातडी पुसून दहा इलेक्ट्रोड चिकटवतात. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हातून घामेजून आलात तर ते सुटतात आणि ईसीजीची रेघ वेडीवाकडी येते, म्हणून वीस मिनिटं आधी पोहोचून पंख्याखाली बसा.

बहुतेक ठिकाणी ब्रूस प्रोटोकॉल, म्हणजे पट्टा टप्प्याटप्प्याने वाढवायची ठरलेली पद्धत, असतो. पट्टा ताशी 2.7 किमी वेगाने आणि 10 टक्के चढाने सुरू होतो, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. तिसऱ्या टप्प्याला 5.5 किमी आणि 14 टक्के, इथे बऱ्याच जणांना धाप लागते. ती लागायलाच हवी! 220 वजा वय, त्याचे 85 टक्के, म्हणजे वडिलांची नाडी साधारण 138 पर्यंत जावी लागते. तिथे पोचण्याआधीच पाय थकले तर रिपोर्टवर 'अपुरी तपासणी' येते आणि पैसे वाया जातात.

लोक सर्रास एक चूक करतात : समोरची दांडी गच्च धरतात. अंगाचा भार हातांवर गेला की कष्ट कमी पडतात आणि मशीन मात्र क्षमता जास्त दाखवतं. तोल सांभाळण्यापुरती बोटं टेकवा. छातीत दुखलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, गरगरलं, तर लगेच बोलायचं. 'थोडं सहन करू' हा आपल्याकडच्या माणसांचा स्वभाव इथे कामाचा नाही, असा त्रास होतो का हेच पाहायला तर ही तपासणी आहे. पट्टा थांबल्यावरही काही मिनिटं ईसीजी आणि बीपी बघतात, कारण कधीकधी बदल तेव्हाच दिसतात.

ईसीजीच्या रेघेतला एसटी नावाचा भाग 1 मिमी किंवा जास्त खाली गेला आणि तो आडवा किंवा उतरता असेल, तर पॉझिटिव्ह म्हणतात. त्यावरून लगेच ब्लॉकेज पक्कं होत नाही. बायकांमध्ये खोटं पॉझिटिव्ह जास्त येतं. निगेटिव्ह आलं तरी लहान ब्लॉकेज नजरेतून सुटू शकतं. गुडघे फार दुखत असतील तर डोब्युटामिन इकोबद्दल (चालण्याऐवजी औषधाने नाडी वाढवून हृदयाची सोनोग्राफी) विचारा. आणि बसल्याजागी दुखत असेल तर टीएमटीची तारीख विसरा, थेट कॅज्युअल्टी गाठा.

रिपोर्टसोबत ईसीजीच्या सगळ्या पट्ट्या मागून घ्या. थर्मल कागद असेल तर झेरॉक्स काढा, ती छपाई उडते.