मानसिक आघात झालेल्या मुलांच्या घरात नवरा-बायकोने गृहपालक म्हणून राहणं कितपत जमतं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं तिशीतले, चार वर्षांचा मुलगा आहे, कोकणातल्या एका संस्थेने बालगृहात राहून मुलं सांभाळायला बोलावलंय, आणि 'आम्हाला मुलांची मनापासून आवड आहे, एवढं पुरेल का?'

नाही पुरणार. पण म्हणून जाऊ नका असंही मी सांगणार नाही. मी आणि माझा नवरा रत्नागिरी जिल्ह्यात अशाच एका घरात नऊ वर्षं राहिलो. एका वेळी दहा-बारा मुलगे, सात ते अकरा वयाचे, आणि आमची मुलगी. मुलांची ओळख पटेल असं काही उघड करायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे नावगाव काही देत नाही, थोडे तपशीलही बदललेत.

पहिल्याच पावसाळ्यात एकाच्या गादीखाली भाकरीचे तुकडे सापडले. बुरशी आलेली, मुंग्या लागलेल्या. मी सगळं गोळा करून फेकलं आणि चार पोरांसमोर त्याला म्हटलं, "इथे जेवायला मिळत नाही का तुला?" त्या रात्री तो जेवला नाही. चार दिवसांनी तुकडे कपाटामागे मिळाले. आमच्याकडे पंधरवड्याने समुपदेशक बाई यायच्या, त्यांनी मला समजावलं की ज्या पोराने दोन-दोन दिवस उपाशी काढलेत, त्याला 'उद्याही मिळेल' हे नुसतं सांगून पटत नाही. मग प्रत्येकाच्या नावाचा एकेक डबा केला. चुरमुरे, शेंगदाणे, वर गुळाचा खडा. डबा उशाशी, रात्री कधीही उघडायचा, आणि सकाळी मी काही न विचारता भरायचा. दोन महिने त्याचा डबा रोज रिकामा. मग थोडं थोडं उरायला लागलं. आंब्याच्या दिवसांत एकदा बघते तर चुरमुरे सादळलेले, आठवडाभर त्याने झाकणच उघडलं नव्हतं. मी पडवीत बसून रडले.

काम म्हणजे हे. तेच माणूस, तीच वेळ, तोच डबा, महिनोन् महिने. घरच्याच माणसाने ज्याला मारलंय किंवा त्याहून वाईट काही केलंय, त्या मुलाचं शरीर सतत पहाऱ्यावर असतं. दार आपटलं तरी तो अंगावर धावतो, नाहीतर पळतो, नाहीतर जागच्या जागी थिजतो. आपल्याला तो उद्धटपणा वाटतो, कधी ढोंग वाटतं. आमच्याकडे पावसात वीज गेली की कधी दोन दिवस येत नसे. कंदील लावला की एक मुलगा कोपऱ्यात जाऊन बसायचा, हाकेला ओ द्यायचा नाही. अंधाराला घाबरतो असं धरून आम्ही आणखी एक कंदील लावायचो. अडीच महिन्यांनी त्याच्या कागदांतली एक ओळ वाचताना माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं की भीती अंधाराची नाही, रॉकेलच्या वासाची आहे. त्याच दिवशी कंदील काढले, बॅटरीचे दिवे आणले. म्हणून सांगते, मुलाची वैयक्तिक काळजी योजना, म्हणजे त्याच्यावर आधी काय गुदरलंय आणि त्याला काय लागतं हे लिहिलेले कागद, तुम्हाला वाचायला मिळणार का, हे आधी विचारा. जे रात्रंदिवस त्याच्याबरोबर असतात त्यांच्यापासूनच ती लपवून ठेवली, तर तुम्ही आमच्यासारखेच कंदील लावत बसाल.

त्याची कहाणी मात्र त्याच्याकडून काढून घेऊ नका. तो आपणहून बोलला, आणि बोलतात ती बहुधा रात्री, आपण मच्छरदाणी खोचत असताना, तर ऐका. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि दिलेलं वचन मोडलेलं त्याने आधीच पुष्कळ पाहिलंय. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, त्याच दिवशी अधीक्षकांना सांगा, खोदून खोदून विचारू नका. हात उगारायचा प्रश्नच नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात संस्थेतल्या शारीरिक शिक्षेला दंड आहे, पण कायदा नसता तरी सांगितलं असतं: एक चापट आणि सहा महिन्यांचे डबे पाण्यात.

आम्ही आई-बाबा म्हणवून घेतलं नाही, काका-काकीच राहिलो. बहुतेकांची आई कुठेतरी असते. मासळीच्या बंदरावर, वीटभट्टीवर, मुंबईत धुणीभांडी करत. कायद्याचाही रोख शक्य तिथे मुलाला घरी परत पाठवण्याकडेच असतो, आणि तो निर्णय बाल कल्याण समिती घेते. तुम्ही वाढवलेलं मूल एका सकाळी पिशवी घेऊन जाईल. त्याचं त्याला बरं वाटलं पाहिजे, तुमच्या डोळ्यांकडे बघून अपराधी नाही.

सगळ्यात अवघड दिवस गणपतीचे. अख्खं कोकण चाकरमान्यांनी भरतं, आणि आमची मुलं गडग्यावर बसून एसटी मोजतात. एका वर्षी कोणाचा तरी मामा 'नक्की येतो' म्हणाला, मी मुलाला सांगून टाकलं. तो तीन दिवस नवा शर्ट घालून बसला. मामा आला नाही. त्यानंतर आम्ही ठरवलं, पाहुणा एसटीतून उतरून फाट्यावर पोचल्याचा फोन येईपर्यंत मुलाला काही सांगायचं नाही.

आता तुमच्या मुलाबद्दल. आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. वर्षभराने ती म्हणाली, "मलापण नावाचा डबा कर." मला कळायला तेवढं पुरलं. मग दर रविवारी सकाळी दोन तास ती आणि मी समुद्रावर, बाकी काही झालं तरी. तुम्ही हे पहिल्या आठवड्यापासूनच ठरवा.

संस्थेला स्पष्ट विचारा: आठवड्याची सुट्टी कागदावर आहे की खरोखर मिळते, तुमच्यातल्या एकाला ताप आला तर घर कोण बघणार, समुपदेशक किती दिवसांनी येतात, रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कोणाला करायचा. नुसतं 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' एवढंच उत्तर मिळालं तर पुढे जाऊ नका. उत्तरं पटली तर परवानगी घेऊन जुलैत आठ दिवस तिथे राहून बघा. मे महिन्यात नको, तेव्हा सगळं छान दिसतं. मुलं शाळेतून परतल्यापासून झोपेपर्यंतचा वेळ बघा. आणि मुलाला बरोबर न्या, त्याला तिथे झोप लागते का तेही कळेल.