जामीन राहू का, असं तू जिन्यात विचारलंस

दांडिया बाजार, वडोदरा
रविवार, सकाळ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा जिन्यात एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातात दुधाची पिशवी घेऊन तू दोन गोष्टी सांगितल्यास. क्रेडिट कार्ड आलं, दीड लाखाचं, म्हणजे "काकू, आता माझी पण पत झाली". आणि मकरपुऱ्यातला तुझा मित्र बाईक घेतोय, त्याला जामीन हवाय, सही करू का. मी "बघू" म्हणून वर आले. उत्तर जिन्यात मावणारं नव्हतं. एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्ज खात्यात, तेव्हा बोलायला लागले की थांबत नाही हे तुझी आई सांगेलच. म्हणून लिहितेय.

आधी तो दीड लाख. ती तुझी पत नाही, मर्यादा आहे. बँकेने तुझा पगार पाहून बांधलेला अंदाज. आणि तो अंदाज बांधताना तू वेळेवर पूर्ण पैसे भरशील अशी तिची इच्छा असतेच असं समजू नकोस. हे मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून सांगतेय. पूर्ण बिल भरणाऱ्या गिऱ्हाइकावर कार्डाच्या धंद्यात व्याज मिळत नाही, थोडं थोडं भरणाऱ्यावर मिळतं. बिलावर मोठ्या अक्षरात पूर्ण रक्कम असते आणि शेजारी "किमान देय", साधारण पाच टक्के. समजा चाळीस हजारांचं बिल आलं आणि तू किमान म्हणून दोन हजार भरलेस. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज झालं 1,400, त्यावर 18 टक्के जीएसटी 252. म्हणजे 1,652 रुपये नुसते हवेत गेले आणि कर्ज उतरलं 348 रुपयांनी. शिवाय त्या महिन्यापासून नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, चहापावडर घेतलीस तरी पहिल्या दिवसापासून मीटर चालू. एटीएममधून कार्डावर रोख काढलीस तर तसंही पहिल्या दिवसापासूनच. कार्ड ठेव, फेकू नकोस. पण खात्यातून पूर्ण बिल आपोआप कापलं जाईल अशी सूचना बँकेला आजच देऊन टाक. तुझ्या शिस्तीवर माझा विश्वास आहे, तुझ्या आठवणीवर नाही. गॅसचा नंबर लावायचं दोनदा विसरला आहेस.

गंमत बघ, पगार झाला की मोबाइलवर "क्रेडिट झाले" असा मेसेज येतो, आणि कर्ज देणाऱ्या कार्डालाही क्रेडिटच म्हणतात. तू गोंधळलास तर चूक तुझी नाही. पासबुक बँकेच्या बाजूनं लिहिलेलं असतं. तुझे पैसे तिच्याकडे जमा झाले म्हणजे ती तुझं देणं लागते. बचत खात्यात तू बँकेला उधार देतोस, साधारण अडीच-तीन टक्क्यांनी, आणि कार्डावर बिल थकवलंस की तिच्याकडून चाळीसच्या आसपास घेतोस. आमच्या घरी जमा आणि नावे, आणि आपल्या वडोदऱ्यातल्या गुजराती चोपड्यात जमा आणि उधार. त्यांचं उधार म्हणजे आपलं नावे. नोकरीत लागले तेव्हा पहिले आठ दिवस मी याच्यावरच अडखळले होते.

आता पत कशाला म्हणतात ते सांगते. माझी आई खाली कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात खातं ठेवायची. दुकानात पाटी होती, "आजे रोकडा, काले उधार", आणि पाटीच्या खालीच लाल चोपडा, त्यात आमचं पान. एका वर्षी वडिलांचा पगार दोन महिने अडकला. दुकानदारकाकांनी एक शब्द न बोलता तांदूळ, डाळ, चहा देत राहिले... चुकलं, "काकांनी देत राहिले" नव्हे, काका देत राहिले. (पेनाने लिहिलं की खोडता येत नाही.) पुढे मी बँकेत लागल्यावर पेढे द्यायला गेले तेव्हा न राहवून विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? ते म्हणाले, "घी लखाववानुं एमणे जाते बंध कर्युं हतुं." तूप लिहायला सांगणं तिनं आपणहून थांबवलं होतं. मागितलं असतं तर त्यांनी दिलं असतं. पण मागायचं नाही हे तिनं ठरवलं, आणि चोपड्यात तूप दिसेनासं झालं ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. कर्ज खात्यात मला ताळेबंद वाचायला शिकवले गेले, तारणाची किंमत काढायला शिकवली, पण अर्ज घेऊन समोर बसलेल्या माणसात मी मनातल्या मनात ते बंद झालेलं तूपच शोधायचे.

तू म्हणशील, आता चोपडे कोण बघतो, सिबिल बघतात. बरोबर आहे. सिबिल म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणारी कंपनी. तिच्या अहवालात 300 ते 900 मधला आकडा असतो, साधारण 750 च्या वर असला की कर्ज देणारे खुश. त्या आकड्यात तुझा पगार नसतो, बचत नसते, भाडं वेळेवर दिलंस की नाही हेही सहसा नसतं. घेतलेली कर्जं, फेडण्याच्या तारखा, कार्डाची मर्यादा किती वापरलीस, किती ठिकाणी अर्ज केलेस, इतकंच. माझ्या वडिलांनी जन्मात कर्ज काढलं नाही, आज त्यांचा अहवाल मागवला असता तर कोरा आला असता. अहवाल वर्षातून एकदा फुकट मागवता येतो, तू मागव. आणि एक शब्द लक्षात ठेव, सेटलमेंट. वसुलीवाले फोनवर गोड बोलतात, थोडे भरा, बाकी सोडू. खातं मिटतं, पण अहवालात "बंद" ऐवजी "तडजोड" अशी नोंद पडते आणि गृहकर्जाच्या वेळी तीच पुढे येते.

आता जामिनाचं. इथे जरा सविस्तर लिहिणार.

1994 मध्ये माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने पगारदारांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं. मधल्या सुट्टीत डब्याशेजारी कागद सरकवला, "नुसती सही आहे." मी बँकेतली बाई, दिवसभर लोकांना "वाचून सही करा" सांगणारी, आणि लोणच्याचा हात पुसून सही केली. त्याचे हप्ते थकले. माझ्या पगारातून महिना 640 रुपये कापले जाऊ लागले, बावीस महिने. त्या काळी 640 म्हणजे काय ते आईला विचार. पण पैशाचं मी कधीच सोडून दिलं. तो मला चुकवायला लागला, ते सलत राहिलं. जिन्यात मी दिसले की वर जाणारा माणूस खाली वळायचा. त्याची बायको मला हळदीकुंकवाला बोलवेनाशी झाली. बुडवलेले पैसे माझे, आणि अपराधी मीच असल्यासारखी.

1872 च्या करार कायद्याचं कलम 128 सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्ज देणाऱ्याने आधी तुझ्या मित्राच्या मागे लागायलाच हवं असं बंधन नाही, तो सरळ तुझ्याकडे येऊ शकतो. बाईक ओढून नेली आणि विकून पैसे पुरले नाहीत, तर उरलेले तुझ्याकडून. हे जामीन तुझ्या अहवालातही दिसू शकतं. तू भरलेस तर मित्राकडून वसूल करायचा हक्क कायदा देतो, पण त्या हक्काचा मला किती उपयोग झाला ते वर लिहिलंच आहे.

इथले लोक हमीला बांहेधरी म्हणतात, बाहू धरणं. हा शब्द साधा नाही, या गावाच्या इतिहासात बसलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गायकवाडांकडे अरब शिपायांचे पगार थकले होते, सावकार नुसत्या राजाच्या शब्दावर पैसे द्यायला तयार नव्हते, तेव्हा इंग्रज कंपनी सरकारने हमी दिली. कर्ज मिळालं, पण ज्याने हात धरला तो मग दरबारात येऊन बसला आणि पुढे कित्येक वर्षं राज्याच्या खर्चात नाक खुपसत राहिला. हमीदाराला ते करावंच लागतं. तू मित्राचा जामीन झालास की त्याने नवा मोबाइल घेतला तरी तुझ्या पोटात गोळा येणार.

पण याच गावात 1889 मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली, सरकारचा सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 चा, त्याच्या पंधरा वर्षं आधी. देशातली पहिली म्हणतात. अन्योन्य, म्हणजे एकमेकांचं. नावाकडे बघ. सगळे एकमेकांना ओळखणारे, एकमेकांचं घर माहीत असलेले. म्हणून जामीन राहूच नये असं मी म्हणत नाही. त्याचा पगार किती, आधीचे हप्ते किती, घरी पैसे किती पाठवतो, हे तुला माहीत आहे का? नसेल, तर तुझी सही कशाच्या आधारावर?

आणि त्याला दर विचार. शोरूमवाला "दहा टक्के फ्लॅट" म्हणाला असेल. एक लाखावर तीन वर्षांचे तीस हजार व्याज, हप्ता 3,611. पण तुझा मित्र दर महिन्याला मुद्दल परत करणार आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर. नीट मांडलं तर तो दर अठरा टक्क्यांच्या जवळ जातो. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी मुख्य माहितीचं एक पत्रक सक्तीचं केलंय, सगळे शुल्क धरून खरा वार्षिक दर त्यात छापावा लागतो. ते मागितल्याशिवाय पेन उघडायचं नाही.

शनिवारी संध्याकाळी सहाला त्याला घेऊन वर ये. येताना त्याची पगाराची पावती, सहा महिन्यांचं पासबुक आणि ते पत्रक. मी पोहे करते. तो कागद घेऊन आला, तर आपण तिघं बसून हिशेब करू, आणि बहुतेक मी तुला सही कर म्हणेन. "काकूंना कशाला दाखवायचं" म्हणाला, तर तू एकटाच ये, पोहे तरी खा.

काकू