माहीत नसेल तर माहीत नाही म्हण

बेटा,

सप्रेम आशीर्वाद.

परवा रामबागेत आमच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून तू लिहीत असलेला डीबगर, म्हणजे दुसरा प्रोग्राम हवा तिथे थांबवून त्याच्या आत डोकावणारा प्रोग्राम, घेऊन बसलीस, पोह्यांवरची शेव मऊ पडली, तरी तुझा हात बशीकडे गेला नाही. लिनक्सवर सगळं चालतं, विंडोजवर तपासायचा प्रोग्राम मेनच्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कोडच्या सुरुवातीच्या, आधीच थांबतो, मैत्रिणीच्या मॅकला तर डीबगर जोडलाच जात नाही. "काका, विंडोज आणि मॅक सोडून देऊ का?" असं विचारलंस, तेवढ्यात तुझी आई आली आणि बोलणं राहून गेलं.

सोडू नकोस. पण रात्री तुझा कोड वाचला आणि झोप उडाली. विंडोजवरचा पहिला थांबा तू सरळ गिळून टाकला आहेस. का? कुठेतरी वाचलं की असंच करतात! अगं, डीबगर जोडलेला आहे हे पाहून एनटीडीएलएल या विंडोजच्याच फाइलमधला लोडर, म्हणजे प्रोग्राम मेमरीत चढवणारा भाग, तो थांबा मुद्दाम घेतो. ३२ बिटी प्रोग्राम ६४ बिटी डीबगरखाली चालवून बघ. असे दोन थांबे येतील, दुसऱ्याच्या कारणाचा क्रमांक वेगळा असेल, आणि तुझा डीबगर सांगेल की प्रोग्राम कोसळला. थांबे मोजून गिळायचे नसतात. पत्ता बघायचा. तुझ्या ब्रेकपॉइंटच्या, म्हणजे तू स्वतः ठरवलेल्या थांब्यांच्या, यादीत तो आहे का? नसेल तर तो तुझा नाही, आणि तसं स्क्रीनवर लिहायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण.

आणि ते वजा एक. इंटेलवर मूळ इन्स्ट्रक्शनचा पहिला बाइट उचलून तिथे सीसी, म्हणजे 'थांब' सांगणारा एक बाइट, ठेवतो आपण. सीपीयू तो सीसी चालवून एक घर पुढे गेलेला असतो, म्हणून आरआयपी, म्हणजे पुढची इन्स्ट्रक्शन कुठे आहे ते सांगणारा पत्ता, एकाने मागे घ्यायचा, मूळ बाइट परत ठेवायचा, एकच इन्स्ट्रक्शन चालवायची, मग सीसी पुन्हा बसवायचा. हे तू फार नेटकं लिहिलं आहेस, वाचून बरं वाटलं. पण ते टाकलंस कुठे, तर तिन्ही सिस्टीमच्या सामाईक फाइलमध्ये! मैत्रिणीच्या मॅकमध्ये एम मालिकेतली चिप आहे. तिथे सीसीच्या जागी येणारी बीआरके ही इन्स्ट्रक्शन चार बाइटची, आणि थांबल्यावर पीसी, म्हणजे तिथला आरआयपी, तिच्यावरच उभा असतो. आज कोड-सायनिंगमध्ये, म्हणजे प्रोग्रामवरच्या डिजिटल सहीत, डीबगरची परवानगी नाही म्हणून गाडी तिथपर्यंत पोचत नाही. उद्या परवानगी मिळाली की तुझं वजा एक पीसीला चारच्या पाढ्याबाहेर ढकलेल, आणि तुझी चूक बिचाऱ्या प्रोग्रामच्या नावावर लागेल.

चिडून लिहितोय, कारण मीही हेच केलं होतं. ऑप्टिमाइझ केलेल्या, म्हणजे वेगासाठी कंपायलरने घासूनपुसून घेतलेल्या, बिल्डमध्ये एखादं व्हेरिएबल कुठल्या पत्त्यापासून कुठल्या पत्त्यापर्यंत कुठल्या रजिस्टरमध्ये, म्हणजे सीपीयूच्या आतल्या कप्प्यात, राहतं, ते ड्वार्फ या डीबगरसाठीच्या नोंदींमध्ये लिहिलेलं असतं. त्या हद्दीबाहेर त्याला जागाच नसते. जीडीबी हा जुना डीबगर तिथे स्वच्छ 'ऑप्टिमाइझ्ड आउट' म्हणतो. पहिल्या नोकरीत मी केलेलं टूल मात्र शेवटचा माहीत असलेला आकडा दाखवायचं. रिकामी जागा वाईट दिसते असं साहेब म्हणाले आणि मी मान डोलावली. एक सहकारी तीन रात्री ४०९६ या आकड्यामागे लागला होता. रजिस्टर केव्हाच दुसऱ्या कामाला लागलं होतं. खरं कळल्यावर तो मला काहीच बोलला नाही, आणि ते न बोलणं अजून सलतं.

मग मी तो सगळा भाग उपसून नव्याने लिहिला. चार महिने गेले, रिलीज हुकलं, टूल दुसऱ्याच्या हाती दिलं गेलं. हट्टी म्हणाले मला. त्या चार महिन्यांत मी विंडोज आणि लिनक्स वेगळे केले, ते बरोबरच होतं, आणि कुणी मानलं नाही म्हणून ते चूक ठरत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

तेव्हा सामाईक थर पातळ ठेव. मेमरी वाच, रजिस्टर वाच, चालव, थांबव, एवढंच. का थांबला याचं मूळ उत्तर जसंच्या तसं वर येऊ दे. मेमरीची आगळीक झाली, म्हणजे प्रोग्रामने नको तिथे हात घातला, की विंडोज सांगतं, वाचताना झाली की लिहिताना, आणि कुठल्या पत्त्यावर. तू त्यावर सिग्नल ११ ची, म्हणजे अशा चुकीला लिनक्स देतं त्या क्रमांकाची, चिठ्ठी डकवली आहेस. जे सिस्टीमने सांगितलं ते तू पुसलंस, बेटा, आणि जे तिने सांगितलंच नाही ते तिच्या तोंडी घातलंस. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, पण जे माहीत आहे ते तरी हरवू नकोस.

रविवारी ये, मैत्रिणीला आणि तिच्या मॅकला घेऊन. तोवर डिटॅच, म्हणजे डीबगर प्रोग्रामपासून सुटा होणं, तपासून ठेव. विंडोजवर डीबगर बंद केला की प्रोग्रामही मरतो, तसं नको असेल तर आधी सांगून ठेवावं लागतं. लिनक्सवर तो जिवंत राहतो, पण मागे सीसी राहिला असेल तर तिथे पाय पडताच सिगट्रॅप या थांब्याच्या सिग्नलने जातो. जाताना ते सीसी उचलणारी ओळ मी तुझ्या कोडमध्ये दोनदा शोधली. सापडली नाही.

तुझा,
काका