बेलीझचा ब्लू होल: 40 मीटरची डाइव्ह आत्ता करावी का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. ह्यूस्टनहून आठवड्याभरासाठी बेलीझला जाताय, मुक्काम सॅन पेद्रोला, आणि दुसऱ्याच दिवशी ग्रेट ब्लू होलचं बुकिंग आहे. तुमच्याकडे ओपन वॉटरचं, म्हणजे डाइव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं कार्ड, लॉगबुकात 19 डाइव्ह, सगळ्यात खोल 24 मीटर, तीही गेल्या हिवाळ्यात अंदमानातल्या हॅवलॉकला. नवऱ्याकडे अ‍ॅडव्हान्स्डचं कार्ड आणि 60 डाइव्ह, पण गेल्या दोन वर्षांत ते पाण्यात उतरलेले नाहीत. शॉपवाले म्हणतात ओपन वॉटर चालेल, गाइड बरोबर असतो. आणि तरीही तुम्हाला धाकधूक वाटतेय.

दुसऱ्या दिवशी जाऊ नका. पाचव्या दिवशी जाता येईल, पण त्याआधी काही गोष्टी करून बघाव्या लागतील, आणि त्या नीट जमल्या नाहीत तर या खेपेला ती डाइव्ह सोडून द्यावी लागेल. धाकधूक वाटतेय हे चांगलं लक्षण आहे, ती दाबून टाकू नका.

आधी त्या जागेविषयी, कारण बहुतेकांनी ती फक्त विमानातून काढलेल्या फोटोत पाहिलेली असते. लाइटहाउस रीफ नावाच्या वलयाकार प्रवाळरांगेच्या मधोमध असलेला हा खड्डा 300 मीटरहून रुंद आणि साधारण 124 मीटर खोल आहे. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली होती, तेव्हा ही चुनखडीची कोरडी गुहा होती. छतातून पाणी ठिबकून सुळके तयार झाले, पुढे छत कोसळलं आणि समुद्र आत आला. असे सुळके फक्त हवेतच घडतात, त्यामुळे चाळीस मीटर पाण्याखाली ते बघताना आपण एका बुडालेल्या गुहेत तरंगतोय हे अंगावर येतं. 1971 साली जॅक कूस्तो आपलं ‘कॅलिप्सो’ जहाज घेऊन तिथे गेले आणि ही जागा जगभर गाजली. ती बघायची ओढ मला पूर्ण समजते.

पण डाइव्ह म्हणून तिचा स्वभाव वेगळा आहे. काठावर बारा-पंधरा मीटरपर्यंत वाळूचा उतार आणि मग सरळ कडा. सुळके दिसतात ते साधारण पस्तीस ते चाळीस मीटरच्या पट्ट्यात, कड्याला आत वळलेल्या छज्जाखाली. त्याखाली तुमच्या दृष्टीने तळ नाहीच. हॅवलॉकला 24 मीटरवर होतात तेव्हा खाली वाळू होती, बीसीडीत (तरंगणं सांभाळणाऱ्या हवेच्या जाकिटात) हवा भरायला थोडा उशीर झाला असता तर गुडघे टेकले असते. इथे उशीर झाला तर खाली जात राहायचं. शिवाय खोलीबरोबर वेटसूट दाबला जातो, त्याची तरंगण्याची ताकद कमी होते, म्हणजे जितकं खाली जाल तितकं खाली जाणं सोपं होत जातं. वर छज्जा असल्यामुळे घाबरून सरळ वर निघालात तर डोकं दगडाला लागू शकतं. आधी बाहेर, मोकळ्या पाण्याकडे यायचं आणि मग वर. हे बोटीवर सांगतात, पण 40 मीटरवर ते आठवेल का, हा खरा प्रश्न आहे.

तो प्रश्न यासाठी की 30 मीटरच्या पुढे नायट्रोजन डोक्यावर चढायला लागतो, त्याला नार्कोसिस म्हणतात. कुणाला छान वाटतं, कुणाला उगाच भीती वाटते, आणि बहुतेकांना काहीच जाणवत नाही, फक्त विचार मंदावतात. गेजकडे बघितलं, आकडा दिसला, पण त्याचा अर्थ लागायला वेळ गेला, हे त्याचं नेहमीचं रूप. अनुभवाने नार्कोसिस जात नाही. अनुभवी माणसाची हालचाल सवयीने होते आणि विचार करायची गरज कमी पडते, एवढाच फरक. त्यात दम लागला तर कार्बन डायऑक्साइड साठतो आणि नार्कोसिस वाढतो. 40 मीटरवर हवा पृष्ठभागाच्या पाचपट दाट असते. डॉ. सायमन मिचेल आणि गॅव्हिन अँथनी या डाइव्हिंगच्या संशोधकांनी श्वासातल्या वायूच्या घनतेवर जी मर्यादा सुचवली आहे, ती साध्या हवेसाठी आदर्श म्हणून 31 मीटरच्या आसपास येते आणि कमाल म्हणून 39 मीटरच्या आसपास. म्हणजे ब्लू होलमध्ये साध्या हवेवर तुम्ही त्या कमाल रेषेवरच असता. तिथे जोरात फिन्स मारायची वेळ येता कामा नये.

आता हवेचा हिशेब. डाइव्ह झेपेल की नाही हे लॉगबुकातल्या संख्येपेक्षा इथे जास्त स्पष्ट दिसतं.

तिथे मिळणारी टाकी म्हणजे नेहमीची अॅल्युमिनियम 80. पाण्याच्या मापाने 11 लिटर, 200 बार दाबाला साधारण 2,200 लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागत असतील तर 40 मीटरवर 100 लिटर लागतात. आता वाईट प्रसंग धरा: सुळक्यांपाशी असताना तुमच्या नवऱ्याची हवा संपली आणि दोघं तुमच्या टाकीवर आलात. दोघंही घाबरलेले, म्हणून प्रत्येकी 30 लिटर धरू. खाली भानावर यायला आणि ऑक्टोपस (जोडीदाराला श्वास घ्यायला असलेली टाकीची जादा नळी) द्यायला एक मिनिट, 300 लिटर. पाच मीटरपर्यंत वर यायला साधारण चार मिनिटं, 780 लिटर. तिथे तीन मिनिटं थांबायचं, तो सेफ्टी स्टॉप, 270 लिटर. बेरीज 1,350 लिटर, म्हणजे टाकीत सुमारे 120 बार. तुमच्या अमेरिकी गेजवर जवळपास 1,800 पीएसआय.

म्हणजे गेज 120 बार दाखवेल तेव्हा तुम्ही वर निघालेलं असायला हवं. निम्म्याहून जास्त टाकी शिल्लक असताना! ‘50 बार उरले की वर’ हा तारकर्लीत किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला चालणारा नियम इथे लागू नाही. खाली उतरण्यात गेलेली हवा वजा केली तर मिनिटाला 20 लिटरवाल्याला खाली 40 मीटरवर सात मिनिटांच्या आसपास मिळतात. घाबरून 30 लिटर ओढणाऱ्याला पाचही मिळत नाहीत. त्यातच पाडी (PADI) या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात 40 मीटरला डीकॉम्प्रेशनशिवाय, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता, राहण्याची मर्यादा 9 मिनिटं आहे, आणि ती पृष्ठभाग सोडल्यापासून मोजतात. एवढ्या वेळात ना चूक सुधारायला सवड आहे, ना मास्कशी झटापट करायला.

बोटीखाली पाच मीटरवर एक जादा टाकी टांगलेली असते. चांगली गोष्ट आहे, पण ती सेफ्टी स्टॉपपुरती. 40 मीटरवर हवा संपली तर तिचा उपयोग शून्य.

‘गाइड बरोबर असतो’ यावर मला मनापासून सांगायचं आहे. गाइड वाट दाखवायला असतो, गट एकत्र ठेवायला असतो. पण त्याच्यामागे सहा-आठ माणसं असतील आणि तुम्ही शेवटी असाल, तर तुमचा त्रास त्याच्या लक्षात येईपर्यंत जी वीस-तीस सेकंदं जातील ती तुमची एकटीची आहेत. त्या सेकंदांत स्वतःला सांभाळता येतं का, एवढंच तपासायचं आहे. कार्डावर काय छापलंय हे शॉपच्या आणि विम्याच्या कामाचं. ओपन वॉटर 18 मीटरपर्यंत, अ‍ॅडव्हान्स्ड 30 पर्यंत, डीप स्पेशालिटी 40 पर्यंत, ही प्रशिक्षणाची मर्यादा आहे आणि काही विमा पॉलिसी तेवढीच खोली मान्य करतात. तुमची पॉलिसी काढून वाचा. म्हणजे शॉपने ‘चालेल’ म्हटलं तरी तुम्ही तुमच्या प्रशिक्षणाच्या दुपटीहून खोल जाणार आहात.

तुमच्या मिस्टरांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमच्या लिहिण्यावरून वाटलं की ते तयार आहेत आणि तुम्ही कच्च्या आहात. मला उलट काळजी त्यांची वाटते. 60 डाइव्ह ही चांगली शिदोरी आहे, पण दोन वर्षांचा खंड पडला की हात विसरतात: वजन किती लागायचं, बीसीडीत किती हवा, मास्कमध्ये पाणी आलं की काय करायचं. आणि स्वतःला अनुभवी समजणारा माणूस ‘मला जरा बरं वाटत नाहीये’ असा हात सगळ्यात उशिरा हलवतो. त्यांनी रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा छोटा कोर्स, करायलाच हवा, आणि तोही बेलीझला पोचून नव्हे, तर निघण्याआधी तिथेच टेक्ससमध्ये. 40 मीटरवर तुमची राखीव हवा म्हणजे ते आहेत, आणि त्यांची राखीव हवा म्हणजे तुम्ही. दोघांपैकी एकजण कच्चा असेल तर जोडी कच्ची आहे. म्हणून हा निर्णय एकमेकांच्या हौसेखातर घेऊ नका. एकाने नाही म्हटलं की दोघांचं नाही, हे घरूनच ठरवून निघा.

तर मी काय करीन? ब्लू होलचं बुकिंग पाचव्या दिवशी सरकवीन. सहाव्या दिवशी नको, कारण सातव्याला तुमचं परतीचं विमान आहे आणि एकापेक्षा जास्त डाइव्हनंतर विमानात बसायला किमान 18 तास जाऊ द्यावेत. सकाळचं विमान असेल तर सहाव्या दिवसाचा हिशेब बसणारच नाही. पहिले दोन दिवस सॅन पेद्रोसमोरच्या रीफवर 15 ते 20 मीटरच्या सोप्या डाइव्ह करा. त्यातल्या एकीत दहा मीटरवर दहा मिनिटं एका पातळीवर आरामात पोहा, किती बार गेले ते बघा, त्याला 11 ने गुणून 20 ने भागा. उदाहरणार्थ 40 बार गेले तर 22 लिटर. हा तुमचा आकडा. नवऱ्याचाही काढा. 20-22 च्या आसपास असेल तर वरचा हिशेब जमतो. 28-30 येत असेल तर ब्लू होल या खेपेला नाही, यात वाद घालू नका.

मग इन्स्ट्रक्टरबरोबर अ‍ॅडव्हान्स्ड कोर्समधली डीप डाइव्ह करा, 30 मीटरपर्यंत. तिथे मी तुमच्या जागी असतो तर इन्स्ट्रक्टरला सांगितलं असतं की मला तीन गोष्टी करून बघायच्या आहेत: तळाला हात न लावता, काही न धरता एका जागी मिनिटभर स्थिर राहणं, मास्क पाण्याने भरून रिकामा करणं, आणि नवऱ्याच्या ऑक्टोपसवर श्वास घेत त्याच्याबरोबर वर येणं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ती कोर्समध्ये उथळ पाण्यात एकदा केलेली असते आणि नंतर कुणी करत नाही. हे सगळं करताना श्वास शांत राहिला, खोली दोन-तीन मीटरने खालीवर झाली नाही, आणि वर आल्यावर तुम्हाला खाली काय घडलं ते क्रमाने सांगता आलं, तर तुम्ही ब्लू होलला तयार आहात असं मी म्हणेन. आठवणीत मधलाच तुकडा गायब असेल तर नार्कोसिस होता आणि तुम्हाला तो कळला नाही.

नायट्रॉक्सबद्दलही (जादा ऑक्सिजन मिसळलेल्या हवेबद्दल) विचारलं होतंत. नेहमीचं 32 टक्क्यांचं मिश्रण तिथे नको, ऑक्सिजनच्या दाबाच्या 1.4 बारच्या मर्यादेने ते 33 मीटरपर्यंतच चालतं. चाळीसला 28 टक्के बसतं, पण ते वेगळं बनवून घ्यावं लागतं आणि नायट्रॉक्सचं कार्ड लागतं. तुमच्यासाठी साधी हवा आणि कमी वेळ हेच ठीक.

शॉपला फोन करून विचारा: एका गाइडमागे किती डायव्हर, गटाच्या शेवटी दुसरा गाइड असतो का, बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि कुणी 25 मीटरवरून परत फिरलं तर त्याच्याबरोबर वर कोण येतं. शेवटच्या प्रश्नावर उत्तर देताना अडखळले तर दुसरं शॉप बघा. सॅन पेद्रोत रिकम्प्रेशन चेंबर (डाइव्हनंतरच्या दाबाच्या त्रासावर उपचार करायची खोली) आहे, पण लाइटहाउस रीफपासून बोटीने दोन तासांहून जास्त अंतर आहे, त्यामुळे बोटीवरचा ऑक्सिजन हा ऐषआराम नाही. पहाटे निघून खवळलेल्या पाण्यातून तेवढा प्रवास करायचा असतो, त्यामुळे आदल्या रात्री दारू नको, पाणी भरपूर, आणि बोट लागत असेल तर त्या गोळीने झोप येते का हे आधीच्या एखाद्या दिवशी घेऊन बघा. रात्रभर झोप झाली नसेल किंवा कान दुखत असेल तर त्या दिवशी उतरू नका.

आणि उतरला नाहीत तरी दिवस वाया जात नाही, हे खात्रीने सांगतो. बाकीचे खाली असताना काठावर स्नॉर्केल करता येतं. त्याच फेरीत पुढे हाफ मून की वॉल (‘की’ म्हणजे छोटं बेट) आणि लाँग कीचं अ‍ॅक्वेरियम असतं, दोन्ही 18 मीटरच्या आत मजेत होतात. मासे, प्रवाळ, रंग बघायचे असतील तर मला ही दोन ठिकाणं ब्लू होलपेक्षा कितीतरी सरस वाटतात. ब्लू होलमध्ये खाली जीवसृष्टी विरळ आहे. साधारण 90 मीटरवर हायड्रोजन सल्फाइडचा थर आहे आणि त्याखालच्या पाण्यात ऑक्सिजनच नाही. तिथे जायचं ते सुळक्यांसाठी आणि नशीब असेल तर रीफ शार्कसाठी. हाफ मून कीवर जेवणाच्या सुट्टीत लाल पायांचे बूबी पक्षी झाडांवर अगदी जवळून दिसतात, तेवढ्यासाठी कॅमेरा कोरडा ठेवा.

विमानातून ब्लू होल बघायची फेरीही घेणार असाल तर ती पहिल्याच दिवशी, पहिल्या डाइव्हच्या आधी उरका.

निघण्याआधी रिफ्रेशर केलात की दोघांचेही हवेचे आकडे, टाकीचं माप आणि वजन किती लावलं ते इथे लिहा. तुमच्या आकड्यांवर वरचा हिशेब पुन्हा मांडून देतो, म्हणजे किती बारला वर निघायचं हे स्लेटवर लिहूनच तुम्ही पाण्यात उतराल.