प्रश्न: मेलबर्नमध्ये नवीन आहे, कुठला फूटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) क्लब धरू?

तुम्ही लिहिलंय की टारनीटला घर घेतलंय, ऑफिसात सगळे "कोणाला बॅरक करतोस?" (म्हणजे कुठल्या क्लबच्या बाजूचा) म्हणून विचारतात, आणि मेंबरशिप काढायचीच तर निदान जिंकणाऱ्या संघाची काढावी, तर सध्या कुठला संघ बरा. पहिल्या दोन गोष्टी वाचून मी पुढे जाणार होतो. तिसरी वाचली आणि चहाचा कप खाली ठेवला. हे वाक्य मी गेली कैक वर्षं माझ्या साडूच्या तोंडून ऐकतोय.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांची फुटबॉल मॅच असली की कोण कुठल्या बाजूला बसणार हे आमच्यात कुणाला विचारावं लागत नाही. पेठ ठरवते. यंदा पाटाकडील हरायला लागली म्हणून मी शिवाजीवाल्यांकडे जातो, असं कुणी म्हणालं तर घरचे त्याला आधी डॉक्टरकडे नेतील. मेलबर्न मला त्या बाबतीत पहिल्या आठवड्यात कळलं. रिचमंड, कॉलिंगवूड, कार्लटन, हॉथॉर्न, फूटस्क्रे या सगळ्या मुळात पेठाच. टारनीट म्हणजे पश्चिम. पश्चिमेचा क्लब वेस्टर्न बुलडॉग्ज, जो १९९६ पर्यंत फूटस्क्रे या नावानं खेळायचा. झालं उत्तर. पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मी २००८ साली आलो आणि फूटस्क्रेत एका जुन्या लाकडी घरात भाड्यानं राहिलो. शेजारीण तेव्हा बासष्ट वर्षांची. कुंपणावरून पहिला प्रश्न आला तो नावाचा नाही, गावाचा नाही, हाच तुमचा. मी म्हणालो, मी क्रिकेटवाला. ती म्हणाली, "ते उन्हाळ्यात." नंतर वाचलं तेव्हा कळलं की ती इतिहासच सांगत होती. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूनं १८५८ साली पेपरात पत्र लिहिलं होतं, की हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांचं अंग जड होऊ नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढा. हा सगळा खेळ तिथून उभा राहिलाय.

तर ही बाई. १९५४ साली फूटस्क्रेनं मेलबर्न संघाला ५१ गुणांनी हरवून आपला पहिला फ्लॅग (म्हणजे अजिंक्यपद) जिंकला तेव्हा ती आठ वर्षांची, बापाच्या मांडीवर बसून रेडिओ ऐकत होती. १९६१ साली ग्रँड फायनल (फ्लॅग ठरवणारी शेवटची मॅच) हरले. त्यानंतर ग्रँड फायनलचं तोंड नाही. १९८९ साली तर क्लबच बुडाला होता. लीगच्या वरच्या लोकांनी फिट्झरॉय या दुसऱ्या क्लबाबरोबर त्याचं विलीनीकरण ठरवून टाकलं, नव्या संघाचं नावही ठरलं, फिट्झरॉय बुलडॉग्ज. आयरीन चॅटफिल्ड नावाची एक साधी समर्थक बाई कोर्टात गेली आणि थोडी मुदत मिळाली. पीटर गॉर्डन हा वकील पुढे झाला. सुमारे १५ लाख डॉलर उभे करायचे होते, तेही काही आठवड्यांत, तेही गिरणीत आणि गोदीत राबणाऱ्या वस्तीतून. लोक डबे खुळखुळवत दारोदार फिरले. ही बाईही फिरली. तो डबा तिच्याकडे अजून आहे, त्यात ती कपड्यांचे चिमटे ठेवते.

२००९ च्या प्रिलिमिनरी फायनलला (म्हणजे उपांत्य सामन्याला) तिनं मला एमसीजीवर, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर नेलं. सेंट किल्डाकडून सात गुणांनी हरलो. म्हणजे एक गोल (सहा गुण) आणि एक बिहाइंड (बाजूच्या खांबांमधून गेला की एक गुण). परतीच्या ट्रेनमध्ये अख्खा डबा लाल-पांढऱ्या-निळ्या स्कार्फांचा आणि आवाज फक्त चाकांचा. मिडल फूटस्क्रेला उतरताना ती म्हणाली, "१९९७ ला पण मी होते. दोन गुणांनी." अ‍ॅडलेडविरुद्धची ती मॅच. त्या रात्री तिनं स्वतःला पांढऱ्या पायाची ठरवून टाकलं. त्यानंतर फायनल्समधली (सीझनअखेरच्या बाद फेरीतली) एकही मॅच तिनं पाहिली नाही. आपल्याकडे सचिन खेळत असताना जागेवरून न हलणारे काका असतात, हे त्याचंच उलटं रूप.

आणि मग २०१६. सातव्या क्रमांकावरून फायनल्समध्ये घुसलो. सातव्यावरून आजवर कुणी फ्लॅग नेला नव्हता. पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला हाणलं, लागोपाठ तीन फ्लॅग घेतलेल्या हॉथॉर्नला घरी पाठवलं, सिडनीत जीडब्ल्यूएसला (त्या शहरातला दुसरा संघ) सहा गुणांनी मागे टाकलं. ग्रँड फायनल सिडनी संघाविरुद्ध, १ ऑक्टोबरला, शनिवारी. आता कॅलेंडर काढून बघा. त्या दिवशी घटस्थापना होती.

साडूनं पॉइंट कुकला नवं घर घेतलेलं. घरातली पहिली नवरात्र. मेहुणीनं घट बसवून बारा माणसं जेवायला बोलावलेली. मला ग्रँड फायनलचं तिकीट मिळालं नव्हतं. (ते मेंबर असूनही मिळत नाही. दोन्ही क्लबांच्या मेंबरांना मिळून निम्म्याहून कितीतरी कमी जागा येतात, बाकी एमसीसीवाले (मेलबर्न क्रिकेट क्लबचे सभासद), कंपन्यांचे पाहुणे वगैरे. याची चीड आल्याशिवाय तुम्ही मेलबर्नकर होणार नाही.) तर मी बायकोला म्हणालो, मला ताप आहे. ती म्हणाली, "मी तिथं आपणहून काही बोलणार नाही. पण ताईनं विचारलं तर खोटंही सांगणार नाही." आणि पोरीला घेऊन गेली.

अडीचला मॅच सुरू. मी पुढच्या खोलीत टीव्हीपुढे, शेजारीण मागच्या अंगणात हातमोजे घालून तण काढत, घराकडे पाठ करून. आमचं ठरलं होतं: तोंडानं बोलायचं नाही. आपला गोल झाला की कुंपणापाशी यायचं आणि गोल अंपायर करतो तशी दोन बोटं दाखवायची. बिहाइंडला एक. सिडनीच्या गोलाला यायचंच नाही. म्हणजे मी बराच वेळ दिसलो नाही की तिला कळायचं ते कळायचंच. त्या दिवशी आमचे तेरा गोल आणि अकरा बिहाइंड झाले. स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत चोवीस खेपा. ताप नव्हता तो यायची वेळ आली होती.

शेवटच्या क्वार्टरमध्ये सिडनी अगदी टेकत आली होती. मग आमच्या डेल मॉरिसनं सिडनीच्या बडी फ्रँकलिनला मागून धरून पाडलं, चेंडू सुटला, टॉम बॉयडनं तो उचलून लांबूनच लाथ हाणली आणि तो टप्पे खात खात खांबांच्या मधून गेला. (मॉरिस पाठीच्या मणक्यात फ्रॅक्चर घेऊन खेळत होता हे नंतर कळलं.) मी पळत कुंपणापाशी गेलो तो दोन्ही हात वर करून, काहीतरी ओरडत. तिनं वळून पाहिलं आणि म्हणाली, "बोटं नीट दाखव." मी दाखवली. ती परत तणाकडे वळली.

८९-६७. सायरन झाला तेव्हा मी कुंपणापाशी जाऊन नुसता उभा राहिलो. तिनं ओळ पूर्ण केली, हातमोजे काढले, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा आमच्या मागच्या दारानं आत येऊन टीव्हीपुढे बसली. बॉब मर्फी, आमचा कॅप्टन, सीझनच्या सुरुवातीलाच गुडघा जाऊन बाहेर बसलेला. कोच बेव्हरिजनं त्याला स्टेजवर बोलावून स्वतःचं पदक त्याच्या गळ्यात घातलं. आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता टीव्हीकडे बघत राहिलो. ६२ वर्षं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, टीम फूटस्क्रेतल्या आमच्या मैदानावर, व्हिटन ओव्हलवर येणार होती. मी पोरीला खांद्यावर घेऊन गेलो, घसा पूर्ण बसलेला. गर्दीत समोर कोण, तर साडू. गळ्यात बुलडॉग्जचा कोरा स्कार्फ, किमतीचं लेबल मागे लोंबतंय.

"ताप उतरला वाटतं," तो म्हणाला.

"स्कार्फ नवा वाटतं," मी म्हणालो.

तेव्हापासून दर दसऱ्याला, दिवाळीला, पोरांच्या वाढदिवसाला तोच विषय निघतो. तो घटाचं जेवण काढतो, मी लेबल काढतो. याच गृहस्थांकडे २०१५ साली हॉथॉर्नचा स्कार्फ होता. २०१७ ला रिचमंडचा आला, आता ब्रिस्बेनचा आहे. त्याला सांगितलं, बाबा, ज्या फिट्झरॉयशी १९८९ साली आमचं लग्न लावायला निघाले होते तेच १९९६ साली ब्रिस्बेनच्या घरी नांदायला गेलं. तुझ्या गळ्यात आमची मोडलेली सोयरीक आहे. त्याला काही फरक पडला नाही.

त्याचं म्हणणं असं: आपण गाव सोडलं, देश सोडला, तीन नोकऱ्या बदलल्या, मग क्लब बदलला तर बिघडलं कुठं? आपण काय फूटस्क्रेत जन्मलोय? खरं सांगू, पहिल्या अर्ध्या भागाला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. एवढंच की गाव पोटासाठी सोडलं, स्कार्फ बदलायला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. दुसऱ्या भागाला मात्र आहे. शेजारणीनं मला इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही की मी कुठला. साडू मात्र दर वेळी विचारतो.

आणि तुमच्यासाठी रोकडा हिशेब: इथं जिंकणारा संघ निवडून उपयोगच नाही. प्रत्येक संघाच्या पगाराला कमाल मर्यादा आहे, आणि ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वाटपात) शेवटच्या संघाला पहिली निवड मिळते. पैसेवाला मालक येऊन वीस वर्षं राज्य करील असं इथं होत नाही. हॉथॉर्न २०१५ ला चॅम्पियन, २०१७ ला फायनल्समध्येसुद्धा नाही. वेस्ट कोस्ट २०१८ ला चॅम्पियन, २०२३ ला तळाला. रिचमंडनं २०२० ला फ्लॅग नेला आणि २०२४ ला सगळ्यांच्या खाली. आज जिंकतोय म्हणून धराल तो तुमची पोरं शाळेत जाईपर्यंत बुडालेला असेल. मग काय कराल, साडूसारखं दुकानात जाल?

बुलडॉग्ज धरलेत तर काय वाट्याला येईल तेही सांगतो, नाहीतर म्हणाल फक्त गोड गोड सांगितलं. २०२१ ची ग्रँड फायनल कोविडमुळे पर्थला झाली. मेलबर्नला लॉकडाऊन, कुणाच्या घरी जायची सोय नाही. मॅच आमच्याकडे रात्रीची, म्हणून शेजारीण तिच्या स्वयंपाकघरात दिवा लावून बसली आणि मी मागच्या दारातून टॉर्च मारत होतो. दोनदा म्हणजे गोल, एकदा म्हणजे बिहाइंड. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही १९ गुणांनी पुढे होतो. हरलो ७४ गुणांनी. मी कितीतरी वेळ टॉर्च हातात धरून सोफ्यावर बसून होतो. शेवटी मागच्या खिडकीतून पाहिलं, तिच्या स्वयंपाकघरातला दिवा मालवलेला होता. मॅच अजून संपायची होती.

राहिलेल्या गोष्टी भराभर. मेंबरशिप घ्याच, पण नीट वाचून घ्या: आमच्या काही होम मॅचेस बॅलरॅटला असतात आणि जुलैत तिथं थंडीनं हाडं वाजतात. पहिल्या वर्षी महागडी राखीव जागा घेऊ नका. मुलगी असेल तर एएफएलडब्ल्यूच्या (बायकांच्या लीगच्या) मॅचेसना न्या, त्या व्हिटन ओव्हलवर होतात, अगदी कुंपणाला टेकून बघता येतं. आमच्या मुलींनी २०१८ ला फ्लॅगही जिंकलाय. स्टँडमध्ये आपल्यासारख्यांना त्रास होतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. मला फारसा झाला नाही. मात्र २०१५ साली अ‍ॅडम गुड्ससारख्या मोठ्या आदिवासी खेळाडूला याच मैदानांवर गर्दीनं हुर्यो करून करून नकोसं केलं होतं, तेव्हा सगळे देवमाणूस आहेत असं मी सांगणार नाही. आणि हो, बायकोचं माहेर कॉलिंगवूडवालं निघालं तर माझा सगळा सल्ला रद्द समजा, घरची शांतता आधी.

घटस्थापनेला न गेल्याचं मला वाईट वाटतं का, तर मेहुणीसाठी वाटतं. तिनं पुरणाचं ताट झाकून पाठवलं होतं, "तापातून उठल्यावर खायला." ते मी आणि शेजारणीनं त्याच रात्री संपवलं. हे साडूला अजून माहीत नाही, आणि तो इथलं काही वाचत नाही.

टारनीटहून व्ही-लाइनची गाडी सरळ सदर्न क्रॉसला जाते. पूल ओलांडला की स्टेडियम. दुकानातून स्कार्फ घ्याल तेव्हा लेबल काढून मग गळ्यात घाला.